प्रिंटर सुरू, पण बिल निघेना! कागलच्या कारखान्यांना स्वतंत्र प्रिंट सर्व्हर का हवा?

संध्याकाळचे साडेसहा. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशिन शॉपच्या गेटवर माल भरलेला ट्रक उभा आहे. वजनकाटा झाला, ताडपत्री बांधून झाली, चालक चहा पिऊन परत आला. पण बिल हातात पडलेले नाही. प्रिंटर सुरू आहे, कागद भरलेला आहे, टोनरही नवा आहे. अडचण एवढीच, की तो प्रिंटर अकाउंट्स विभागातल्या एका संगणकाला यूएसबी केबलने जोडलेला आहे आणि त्या संगणकावर बसणारे कर्मचारी पाच वाजता तो बंद करून घरी गेले आहेत. पासवर्ड फक्त त्यांनाच माहीत. मग फोनाफोनी, पेन ड्राइव्ह, शेजारच्या युनिटमध्ये धावपळ आणि तासाभराने ट्रक महामार्गाला लागतो.

हे चित्र कुठल्या एका कारखान्याचे नाही. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली अशा कुठल्याही वसाहतीतल्या लहान-मध्यम युनिटमध्ये ते ओळखीचे वाटेल. यावरचा उपाय नवा प्रिंटर घेणे हा बहुतेक वेळा नसतो. प्रिंटर एका माणसाच्या टेबलावरून सोडवून सगळ्या कार्यालयाचा करणे, हा तो उपाय आहे. त्यासाठी लागतो प्रिंट सर्व्हर. तो म्हणजे काय, विंडोज, मॅक, लिनक्स आणि मोबाइल या सगळ्यांना तो एकाच वेळी कसा चालतो आणि बसवताना काय सांभाळावे लागते, याचा हा आढावा.

प्रिंट सर्व्हर म्हणजे नेमके काय?

प्रिंट सर्व्हर म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा संगणक. कार्यालयातल्या कुणीही प्रिंट दिली की ती आधी या संगणकाकडे जाते. तो तिला रांगेत लावतो, प्रिंटरला कळेल अशा भाषेत बदलतो आणि पाळी आली की प्रिंटरकडे पाठवतो. प्रिंटर बंद असेल, कागद संपला असेल तर प्रिंट हरवत नाही, रांगेत थांबते. रांग एखाद्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर नसल्यामुळे तो कर्मचारी रजेवर असला तरी काम अडत नाही.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. चार जीबी रॅमचा जुना पीसी किंवा रास्पबेरी पायसारखा तळहातावर मावणारा संगणक दहा-पंधरा जणांच्या कार्यालयाला पुरतो.

कागदाची गरज अजून आहे का?

वस्तू व सेवा कर आल्यापासून बहुतेक नोंदी ऑनलाइन झाल्या. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा जास्त असलेल्या उद्योगांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यावसायिक ग्राहकांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. त्यावरचा क्यूआर कोड तपासणी अधिकाऱ्याला मोबाइलवर दाखवण्याची मुभाही नियमांत आहे. तरीही कागद संपलेला नाही. केंद्रीय जीएसटी नियम ४८ नुसार ई-इनव्हॉइस नसलेले मालाचे बिल तीन प्रतींत करायचे असते: मूळ प्रत खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विक्रेत्याकडे. मात्र कोल्हापूर परिसरात बिलाइतकेच महत्त्वाचे असते ते जॉबवर्कचे चलन.

एका फाउंड्रीत ओतलेले कास्टिंग दुसरीकडे मशिनिंगला जाते, तिसरीकडे पेंटिंगला आणि शेवटी ग्राहकाकडे. अशा प्रत्येक फेरीसाठी डिलिव्हरी चलन लागते आणि नियम ५५ नुसार मालाच्या फेरीसाठी तेही तीन प्रतींत. त्यात कागलपासून कर्नाटकची हद्द काही किलोमीटरवर आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गाने कोगनोळीला पोहोचले की राज्य बदलते. जॉबवर्कसाठी माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवताना त्याची किंमत कितीही कमी असली, तरी ई-वे बिल काढावे लागते. म्हणजे निपाणी किंवा बेळगावला पाठवलेली छोटी खेपसुद्धा कागदपत्रांशिवाय निघत नाही. शिवाय माल मिळाल्याची सही-शिक्क्याची प्रत परत यावी लागते. पेमेंट अडले तर तीच कामी येते. त्यामुळे प्रिंटर अडला की फक्त कागद अडत नाही, माल अडतो.

अडचण आताच का वाढली?

पूर्वी कार्यालयात सगळे संगणक विंडोजचे आणि साधारण एकाच वयाचे असत. एका संगणकावर प्रिंटर 'शेअर' केला की बाकीच्यांचे भागत असे. २०२१ मध्ये हे बदलले. त्या वर्षी जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट सेवेतली 'प्रिंटनाइटमेअर' ही गंभीर त्रुटी उघड झाली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले आणि नेटवर्कवरून ड्रायव्हर बसवण्यासाठी ॲडमिनचे अधिकार लागू लागले. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर अनेक कार्यालयांत '११बी' ने संपणारा एरर कोड दिसू लागला आणि शेअर केलेला प्रिंटर जोडलाच जाईना. रजिस्ट्रीतली एक नोंद बदलून तो घालवता येतो, म्हणून अनेकांनी ती बदलली. पण ती नोंद बदलणे म्हणजे मायक्रोसॉफ्टने लावलेले कुलूप उघडे ठेवणे. अनेक ठिकाणी ते आजही उघडेच असेल.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. आता कार्यालयात काही संगणक विंडोज ११ चे, काही जुनेच, डिझाइन विभागात एखादा मॅक, ईआरपी किंवा क्वालिटी लॅबसाठी लिनक्स आणि सुपरवायझरच्या हातात अँड्रॉइड फोन असतो. प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर शोधत बसणे हे न संपणारे काम आहे.

एकाच रांगेत सगळे कसे येतात?

वेगवेगळ्या यंत्रणांना जोडणारा दुवा म्हणजे आयपीपी, अर्थात इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल. प्रिंट कशी मागायची, कागदाचा आकार कसा सांगायचा, रांगेची स्थिती कशी विचारायची, याची ही ठरलेली भाषा आहे. ती नेटवर्कवर ६३१ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते. २०१० मध्ये ॲपलने आणलेले एअरप्रिंट याच भाषेवर उभे आहे. अँड्रॉइड फोनमध्ये छपाईसाठी वापरली जाणारी मोप्रियाची सेवाही तीच भाषा बोलते.

ही भाषा बोलणारा सर्वाधिक परिचित मोफत सर्व्हर म्हणजे कप्स. मायकेल स्वीट या अमेरिकी प्रोग्रॅमरने तो तयार केला आणि १९९९ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. ॲपलने २००२ मध्ये मॅकसाठी तो स्वीकारला आणि २००७ मध्ये त्याचे हक्क घेतले. त्यामुळे मॅक आणि लिनक्स या दोन्हींच्या छपाईचे मूळ एकच आहे. आता मुक्त सॉफ्टवेअरमधला ओपनप्रिंटिंग हा गट त्याचा विकास पाहतो.

मायक्रोसॉफ्टही याच वाटेने निघाले आहे. निर्मात्यांचे नवे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवायचे आणि आयपीपीच्या सामायिक ड्रायव्हरला प्राधान्य द्यायचे, असा आराखडा कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. आज बसवलेले ड्रायव्हर त्यामुळे लगेच बंद पडणार नाहीत. पण पुढची खरेदी करताना ही दिशा लक्षात घ्यायला हवी.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय, प्रिंटरलाच लॅन केबल जोडणे. प्रिंटरमध्ये नेटवर्क पोर्ट आणि एअरप्रिंट किंवा मोप्रियाची सोय असेल आणि वापरणारे चार-पाच जणच असतील, तर वेगळा सर्व्हर नसला तरी चालते. मात्र रांग प्रत्येकाच्या संगणकावर राहते आणि कुणाची प्रिंट कुठे अडली, ते एका जागी दिसत नाही.

दुसरा पर्याय, कायम सुरू राहणारा विंडोज पीसी. सगळे संगणक विंडोजचे असतील आणि प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठीच असेल, तर हाच मार्ग योग्य. मात्र विंडोज १० किंवा ११ च्या परवान्यात अशा जोडणीची मर्यादा २० उपकरणांची आहे. फोन आणि मॅकची सोयही त्यात आपोआप होत नाही.

तिसरा पर्याय, लिनक्सवर कप्स. मिश्र कार्यालयासाठी हा सर्वांत मोकळा मार्ग आहे, पण एक गोष्ट आधीच तपासावी लागते: हाताशी असलेला प्रिंटर लिनक्सला चालतो का? आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत दिसणारा एचपी लेझरजेट १०२० चालतो. मात्र तो प्रत्येक वेळी सुरू होताना संगणकाकडून फर्मवेअर घेतो आणि त्यासाठी एचपीचे वेगळे प्लगइन बसवावे लागते. तितकाच लोकप्रिय असलेल्या कॅनन एलबीपी २९०० चा अधिकृत लिनक्स ड्रायव्हर इंटेल-एएमडीच्या पीसीसाठी आहे, रास्पबेरी पायच्या एआरएम चिपसाठी नाही. तेव्हा त्या प्रिंटरसाठी सर्व्हर म्हणून जुना पीसीच बरा. ही चौकशी न करता आधी पाय विकत घेतला, तर तो कपाटात पडून राहतो.

बसवताना क्रम कोणता?

पहिले काम पत्ता पक्का करण्याचे. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला की तो प्रिंटरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर शोधत राहतात. 'प्रिंटर ऑफलाइन' या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटर आणि सर्व्हर दोघांसाठी पत्ता राखून ठेवला की ही तक्रार थांबते.

दुसरे काम केबलचे. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. एमआयडीसीच्या मोठ्या प्लॉटवर कार्यालयापासून डिस्पॅच गेट याहून लांब असू शकते. अशा वेळी मध्ये स्विच टाकावा किंवा दोन शेडच्या दरम्यान फायबर ओढावी. फायबरमधून वीज वाहत नसल्याने पावसाळ्यातल्या विजांचा धोकाही कमी होतो. वायफायवर सगळा भार टाकणे पत्र्याच्या शेडमध्ये टाळलेलेच बरे.

तिसरे, सर्व्हरवर डेबियन किंवा उबंटू बसवून त्यात कप्स आणि अवाही हे दोन घटक टाकणे. अवाहीचे काम नेटवर्कवर 'मी इथे आहे' अशी हाक देण्याचे. त्यामुळे मॅक, आयफोन आणि लिनक्सला प्रिंटर आपोआप दिसतो. पुढचे सगळे काम ब्राउझरमधून, ६३१ पोर्टवरच्या पानावर होते: प्रिंटर जोडा, त्याचे मॉडेल निवडा, 'शेअर' वर टिक करा.

चौथे, रांगेला नाव देणे. 'एचपी १०२० कॉपी ३' हे नाव कुणालाच काही सांगत नाही. 'डिस्पॅच-बिल', 'स्टोअर-चलन' अशी कामावरून नावे द्यावीत. उद्या प्रिंटर बदलला तरी नाव तेच राहते आणि कुणाच्याही संगणकावर हात लावावा लागत नाही. सिस्टीममध्ये ही नावे रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावीत.

पाचवे, विंडोजची जोडणी. विंडोजला प्रिंटर आपोआप दिसला नाही, तर 'प्रिंटर जोडा' मध्ये जाऊन रांगेचा पूर्ण पत्ता हाताने द्यावा लागतो: सर्व्हरचा आयपी, ६३१ पोर्ट, 'प्रिंटर्स' हा शब्द आणि रांगेचे नाव. काही संगणकांवर त्याआधी 'इंटरनेट प्रिंटिंग क्लायंट' ही विंडोजमधली सोय चालू करावी लागते. अँड्रॉइड फोन मात्र सर्व्हरच्याच वायफायवर हवा. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या वायफायवरून प्रिंटर दिसणार नाही आणि दिसूही नये.

सहावे, चूक झाल्यावर काय व्हावे ते ठरवणे. कप्समध्ये एखादी प्रिंट फसली की रांगच थांबवण्याचे सेटिंग असू शकते. मग प्रिंटर दुरुस्त झाला तरी प्रिंट निघत नाही आणि सगळे पुन्हा प्रिंटरला दोष देतात. त्याऐवजी 'पुन्हा प्रयत्न करा' हे धोरण निवडावे.

शेवटी यूपीएस. सर्व्हर, राउटर आणि स्विच यूपीएसवर असावेत. लेझर प्रिंटर मात्र लहान यूपीएसवर लावू नये. त्यातला फ्यूजर तापताना एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस बसतो.

बिल, चलन आणि लेबल एकाच साच्यात बसतात का?

नाही, आणि इथेच अनेक प्रयोग फसतात. ए-फोर बिलासाठी लेझर प्रिंटरची रांग वेगळी. कार्बन कागदावर एकाच ठोक्यात तीन प्रती काढणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रांग वेगळी. तिथे कागदाची लांबी अचूक भरली नाही तर प्रत्येक चलन थोडे खाली सरकत जाते. पेटीवर चिकटवायच्या बारकोड लेबलचा प्रिंटर तर स्वतःची आज्ञांची भाषा वापरतो. लेबलचे सॉफ्टवेअर त्या आज्ञा तयार करून देत असेल, तर मध्ये सर्व्हरने त्या बदलू नयेत. म्हणून लेबल प्रिंटर ९१०० पोर्टवरून थेट जोडणेच सोपे.

ई-इनव्हॉइसच्या बाबतीत आणखी एक तपासणी हवी. टोनर वाचवण्याच्या सेटिंगमुळे क्यूआर कोड फिका निघू शकतो किंवा पान लहान करून छापताना तो बारीक होतो. पहिली प्रिंट निघाली की तो मोबाइलवर वाचून पाहावा. गेटवर पाहण्यापेक्षा कार्यालयात पाहिलेले बरे.

मराठी मजकुराचे काय?

सूचनाफलक, हजेरीपत्रके, कामगारांसाठीच्या सुरक्षा सूचना मराठीत असतात. त्या युनिकोडमध्ये टाइप केलेल्या असतील तर संगणक, फोन आणि सर्व्हर सगळीकडे सारख्याच छापल्या जातात. जुन्या फाइली मात्र अनेकदा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तिथे अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. अशी फाइल तो फॉन्ट असलेल्या संगणकावर पीडीएफ करून मग पाठवावी. डॉट मॅट्रिक्सवर साधा टेक्स्ट मोड वापरल्यास देवनागरी सहसा निघत नाही. तिथे ग्राफिक पद्धतीनेच छापावे लागते आणि वेळ जास्त लागतो.

सुरक्षेची बाजू कोणती?

प्रिंट सर्व्हरमधून पगारपत्रके, दरपत्रके, ग्राहकांचे ड्रॉइंग असे सगळे जाते. कप्सच्या मूळ सेटिंगमध्ये छापून झालेल्या फाइल साधारण एक दिवस डिस्कवर राहतात. पगाराच्या प्रिंट त्याच सर्व्हरवरून निघत असतील तर हा काळ कमी करावा. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारिटेली या इटालियन संशोधकाने कप्सच्या काही घटकांतल्या त्रुटी उघड केल्या. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या 'कप्स-ब्राउज्ड' या घटकाद्वारे बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर बसवू शकत होता. त्यावर दुरुस्ती आली आहे. मात्र ती अपडेट न करणाऱ्याच्या उपयोगाची नाही. ६३१ आणि ९१०० हे पोर्ट इंटरनेटला उघडे ठेवू नयेत, प्रिंटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा आणि महिन्यातून एकदा अपडेट करावे. एवढे केले तरी मोठा धोका टळतो.

मग अडते कुठे?

पैशात फारसे अडत नाही. अडते ते जबाबदारीत. उत्पादनाच्या यंत्रासाठी देखभालीचे रजिस्टर असते, कार्यालयातल्या संगणकांसाठी नसते. एखाद्या ओळखीच्या तंत्रज्ञाने येऊन काहीतरी जोडले, ते चालले, विषय संपला. तो शहर सोडून गेला की पासवर्डही गेला. म्हणून सर्व्हर बसवणाऱ्याकडून बिलाबरोबर एक पान लिहून घ्यायला हवे: कुठल्या उपकरणाचा पत्ता काय, रांगांची नावे काय, सेटिंगची प्रत कुठे ठेवली आहे आणि सर्व्हर बंद पडला तर तात्पुरती प्रिंट कशी काढायची. पासवर्ड बंद पाकिटात मालकाकडे असावा.

हे काम प्रत्येक युनिटने एकट्याने शोधत बसण्याचेही नाही. कागलमध्ये मॅक, गोकुळ शिरगावमध्ये गोशिमा, शिरोलीत स्मॅक अशा उद्योजकांच्या संघटना आहेत. जिल्ह्यात आयटीआय, पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. अर्ध्या दिवसाची एक कार्यशाळा आणि दोन विद्यार्थ्यांचा एका युनिटमध्ये आठवडाभराचा प्रकल्प एवढ्यावर हे काम होऊ शकते. विद्यार्थ्यांना खऱ्या नेटवर्कवर हात बसवायला मिळेल आणि युनिटला चालणारी व्यवस्था मिळेल. संघटनांनी ते मनावर घ्यायला हवे.

आपल्या कार्यालयाला याची गरज आहे का, हे तपासायला तज्ज्ञ बोलावण्याचीही गरज नाही. कामाच्या दिवशी दुपारी अकाउंट्सचा संगणक अर्धा तास बंद ठेवावा आणि डिस्पॅचला एक बिल, स्टोअरला एक चलन आणि सुपरवायझरला फोनवरून एक कागद छापायला सांगावे. तिन्ही निघाले तर सध्याची व्यवस्था ठीक आहे. एखादा जरी अडला, तर गेटवर ट्रक कधी ना कधी थांबणार आहे.